व्याळांच्या सड्यावर पाव

नेत्रावळीच्या वर, चिऱ्याची खाण बंद पडली तिथे
त्या राखाडी झग्यांतल्या लोकांनी गड बांधला.
कमानींना व्याळांच्या बरगड्या,
तटाला मणके, फटींत लाल माती नि चुना.
दिंडी दरवाजा म्हणजे एक आख्खा जबडा.
दोन सुळ्यांच्या मधून मी रोज
बहात्तर पाव आत देतो.
उधारी नाही, पैसे वेळेवर.
त्या बाबतीत माणसं चांगली.

त्यांची थोरली एकदा म्हणाली,
"कुश्तोद, आमची आग येणार आहे.
निजलेत ते, मेलेले नाहीत."
म्हटलं, मग सायकलची घंटा वाजवू नको?
ती हसली नाही.

एका आमावस्येला तिने मला आत नेलं.
चौकात कवट्या. मोजल्या नाहीत, अकरा असतील.
वेदीकडे तोंड करून मांडलेल्या,
खोबणींत करंजेलाच्या पणत्या.
"रोज सकाळी वळलेल्या असतात," ती पुटपुटली,
"आम्ही पुन्हा सरळ करतो.
एकीला सोळा जण लागतात."

त्या कुठे वळतात ते मी पाहिलं.
खाली, पोफळींच्या वर, बारीक धूर:
माझीच भट्टी.

तिला सांगितलं नाही.
गिऱ्हाईक आहे,
आणि इतकी वर्षं खपली आहे बिचारी.

आता पहाटे तीनला लाकूड सारताना
मी दार उघडंच ठेवतो.
उंडे फुगतात. सड्यावरून
म्हाताऱ्या कुत्र्यासारखा श्वास उतरतो.
एक पाव जास्तीचा भाजतो,
जरा जळका.