गुरुवारचं इतिवृत्त

दौलतगंजात, गजकवाल्याच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढून आलं की आमचा हॉल.
खाली तीळगुळाच्या लगद्यावर मोगऱ्या पडत असतात,
त्यामुळे ग्वाल्हेरच्या जानेवारीत
अध्यक्षांची घंटा कुणालाच ऐकू येत नाही.
ती वाजली, असं मी लिहिते.

उपस्थिती अकरा. गणपूर्तीला बारा लागतात.
भदौरियाजी म्हणतात, चौकीदाराला धरा.
बहुतेक गुरुवारी धरतोच.
रामसेवक स्टूल ओढतो, मफलर नीट करतो
आणि तेवढ्यापुरता सदस्य होतो.

बोलणं सगळं हिंदीत, वही मराठीत.
माझ्याआधी वैद्यांनी लिहिली, त्याआधी त्यांच्या सासऱ्यांनी.
आता वाचू शकणारे आम्ही चौघंच,
पण कुणी हरकत घेतलेली नाही.
या वहीत एक सोय आहे:
कुणी काही करत नाही, सगळं करण्यात येतं.
रजया वाटण्यात आल्या.
नेत्रशिबिर पुढे ढकलण्यात आलं.
गर्गसाहेबांनी चहावरून घातलेला गोंधळ
खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला.

दंड इंगळे गोळा करतात.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर.
उशीर दहा, मोबाइल वाजला वीस, बिल्ला विसरला पाच.
मुलाचं लग्न ठरल्याचं आधी बाहेर सांगितलं
म्हणून मला एकदम शंभर.
त्या डब्यातूनच हळूहळू झालं सगळं:
सात वॉकर, चार चाकांच्या खुर्च्या, दोन हवेच्या गाद्या,
ऑक्सिजनचं एक यंत्र,
जे त्या वर्षानंतर कुणी सुरू करून पाहिलेलं नाही.
न्यायचं, वापरायचं, आणून द्यायचं. अनामत पाचशे.

ते रजिस्टरही माझ्याकडेच.
नाव, पत्ता, वस्तू, दिली, परत आली.
का परत आली, याला रकाना नाही.
आणणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता
पाचशे मोजायला शिकले आहे.
एकदाच चुकले. म्हटलं, "वा, चालायला लागले वाटतं!"
मुलगा म्हणाला, "हो."
जिना उतरताना त्यानं कानटोपी काढून खिशात घातली,
तेव्हा दिसलं, डोकं नुकतं भादरलेलं.

आज इंगळे चाळीस मिनिटं उशिरा.
जिन्यावर पाऊल ओळखू आलं तसे सगळे खूश.
भदौरियाजींनी डबा टेबलाच्या मधोमध सरकवला,
गर्गसाहेब म्हणाले, आज ब्याज के साथ.
इंगळ्यांनी दहाची नोट घडी करून चिरेतून आत टाकली.
बसले नाहीत.
"चार नंबरची खुर्ची आहे का?"

खुर्च्यांवरचे आकडे सुलभावहिनींनी काढलेले,
पांढऱ्या ऑइलपेंटनं, फळ्यावर काढायच्या तसे.
चारचं वेटोळं जरा मोठं झालंय
आणि त्यातून एक ओघळ खाली आलाय.
तेव्हा त्या स्वतःवरच हसल्या होत्या.

"ले जाओ दादा, कागज-वागज बाद में," अध्यक्ष म्हणाले.
"नियम आहे," इंगळे म्हणाले, आणि फॉर्म मागितला.
नाव. जीवाजीगंजचा पत्ता, जो मला पाठ.
रुग्णाशी नातं: इथे पेन थांबलं नाही.
परतीची तारीख: इथे थांबलं.
"तीन महिने लिहा," मी म्हटलं, "वाढवून मिळतात."
"किती वेळा?"
मी नियमावली उघडली.
उघडून बघत राहिले.

रामसेवक केव्हाच उठून गेला होता,
जिन्याखालच्या खोलीचं कुलूप ओढत होता.
तरी बाराच होतो आम्ही. खरेखुरे बारा.
खुर्ची बाहेर काढताना तिचं एक चाक
कुठल्या तरी वॉकरमध्ये अडकलं असावं,
तो आवाज मोगऱ्यांच्या वर ऐकू आला.

घरी येऊन लिहिलं:
विषय चार. चाकांची खुर्ची, एक, देण्यात आली.
मग "देण्यात आली" खोडलं.
इंगळ्यांनी नेली.
खाडाखोडीशेजारी सही लागते, ती केली.
आभार कुणी मानले ते आठवेना.
दंड जमा, रुपये दहा.