सुका कचरा

फेब्रुवारीपासून आम्ही कमी झालो आहोत.
माणसं तेवढीच : मी, हेरंब,
आणि सहावीतली शाल्मली.
कमी झालं ते बाकीचं.

जेल रोडवरचं दुकान अकरा महिने चाललं.
मागे उरली एक पाटी, आणि हप्ते.
पाटी आता गच्चीवर आहे, आडवी.
तिच्यावर सांडगे वाळतात.
हप्ते पाच तारखेला.

आधी दुधाचं एक पाकीट गेलं.
मग रविवारची ती फेरी,
छप्पन दुकानापर्यंत नुसतं पाय मोकळे करायला जायचं
आणि चारशे मोकळे करून यायचं.
सगळ्यात अवघड शेव.
इंदुरात राहून शेव मोजायची
म्हणजे श्वास मोजण्यासारखं.
आमचे सासरे तर वरणभातावरही घ्यायचे,
आणि वर विचारायचे, तिखट का नाही?
आता महिन्याला अर्धा किलो.
हेरंबनं बरणीवर कागदाची पट्टी चिकटवलीय,
चार खुणांची,
पूर्वी डॉक्टरांच्या लाल औषधाला असायची तशी.
पहिल्या आठवड्याचा डोस आम्ही मंगळवारीच संपवतो.

हिशेबाला शाल्मलीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं.
'किरकोळ' नावाचा रकाना मी बंद केला.
सगळं घर तिथूनच गळत होतं.

मटारच्या सालांची भाजी होते, हे मला ठाऊक होतं.
दोन शिट्ट्यांनंतर गॅस बंद केला
तरी उरलेली वाफ डाळ शिजवते,
हे नव्हतं ठाऊक.
सिलिंडर आता एक्कावन्न दिवस जातो.
बावन्नाव्या दिवशी मी त्याला हलवून बघते,
झोपलेल्या माणसाला हलवावं तसं.

सकाळी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी येते.
ओला इकडे, सुका तिकडे.
गाडीवरची रामकन्या
माझा निळा डबा उलटा करून म्हणाली,
"भाभी, सूखे में कुछ नहीं? बाहर गए थे क्या?"
शेजारच्या टेंबुर्णीकरांच्या डब्यातून
मिक्सरचं नवं खोकं डोकावत होतं.
मला वाटलं, हिनं माझं पासबुक वाचलं,
भर गल्लीत, मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले.
रद्दीतली वर्तमानपत्रं काढली,
एकेक पान चुरगाळून
निळा डबा गळ्यापर्यंत भरला.
छान दिसत होता.
खात्यापित्या घराचा डबा.

गाडीचं गाणं कोपऱ्यावर आलं तेव्हा
हेरंब ओट्यावर बसला होता.
डबा पायांशी,
आणि तो एकेक पान बाहेर काढून
मांडीवर तळव्यानं सरळ करत होता.
"अर्धा किलो तरी होईल," म्हणाला.
पुढे काही नाही.
मी खाली बसले. मीही करू लागले.
अग्रलेख सरळ केला, सोन्याचा भाव सरळ केला,
एका फ्लॅटच्या जाहिरातीतलं कुटुंब
हसत होतं, त्याच्यावरून हात फिरवला.
सुरकुत्या जात नाहीत पूर्ण.
रद्दीवाला त्या बघत नाही, वजन बघतो.

रामकन्या आली. रिकामा डबा.
"आज भी नहीं?"
"नहीं," मी म्हटलं.
ती हसली. "अच्छा है. मेरा हाथ बचा."
आणि पुढच्या दाराकडे वळली.

अजून एकोणीस हप्ते.
काल रात्री वही उघडली तर
बंद केलेल्या रकान्यात, शाल्मलीच्या अक्षरात :
जिलबी, एक. आठ रुपये.
(बाबांनी अर्धी खाल्ली. आईला सांगायचं नाही.)

मी बेरजेत धरली.
मग पेन्सिलीनं, खोडता येईल अशा बेतानं,
खाली लिहिलं :
माझा तुकडा कुठे?