सहावा चमचा

गळाला काय लावायचं, हे विचारायला
दर रविवारी कुणीतरी येतंच.
हरिपूरच्या घाटाखाली, संगमाच्या अलीकडं,
मी टेकायच्या आत माझ्या डब्यात डोकावतं.

आज यासीन नदाफचा नातू.
पुण्यात कंपनीत असतो. नवाकोरा रॉड,
सॅकेत रबराचे नऊ बेडूक,
एकेकाला डोळे, पोटाला चमकी,
साडेतीनशेला एक.
"काका, खात्रीचं कुठलं?"

खात्रीचं.
मी आधी पाण्यावर नजर फिरवतो.
मगर इथं ऊन खायला येते,
आणि तिला आपला आमिषाचा अभ्यास माहीत नाही.

मग सांगतो, जे मला सांगितलं गेलं तेच.
बंडा आंबी म्हणायचा, गांडूळ.
पण शेणखतातलं मऊ नव्हे,
उसाच्या पाचटाखालचं, लाल, चिडकं,
बोटाला विळखा घालणारं.
त्याला वाम येते, शिंगटी येते,
एकदा डाव्या पायाची चप्पल आली,
बंडानं ती वर्षभर जपली, उजवीच्या आशेवर.

पेवांवरचा तोलाईदार कणकेत हळद मळायचा.
राजापुरीच. दुसरी नाही.
म्हणायचा, सांगलीचा मासा आहे, वास ओळखतो.
कणीक पाण्यात विरघळून जायची,
हा पिवळ्या हातांनी घरी.

"आणि मरळीला?"
मरळ भुकेनं येत नाही रे. रागानं येते.
जलपर्णीच्या कडेला सावलीत पडून असते,
कुणी डोक्यावरनं चमकत गेलं की
तिला ते खपत नाही.
मात्र तांबड्या पिल्लांचा घोळका वर दिसला
तर दोरी गुंडाळायची आणि चहाला जायचं.
तेव्हा ती कशावरही येते.
तेव्हा टाकायचं नसतं.

"पण तुम्ही काय लावता?"

डब्याच्या तळाशी, फडक्यात,
स्टीलचा चमचा, दांडा कापलेला.
दोन्ही टोकांना भोक,
एकोणनव्वदला एसटीच्या वर्कशॉपात पाडलेलं,
जेवणाच्या सुट्टीत, फोरमनची पाठ वळल्यावर.
एका भोकात तंगूस, दुसऱ्यात तीनतोंडी गळ.
पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. शालन यांस, मामांकडून.

ओढत आणला की पाण्यात उलटापालटा होतो,
एकदा उजेड, एकदा शालन,
एकदा उजेड, एकदा शालन.
चौतीस मरळी. वहीत तारखा आहेत.

सहाचा सेट होता.
पाहुणे आले की पाच चमचे
आणि मला बशीतनं खावं लागायचं.
"सहावा कुठं गेला?"
मी शेजारच्या बारशाचं नाव घेतलं,
भांडीवालीचं घेतलं, तिनं कामच सोडलं,
ते अजून माझ्या अंगावर आहे.
मग दोन हजार पाच आलं.
म्हटलं, पुरात गेला.
ती म्हणाली, "पाणी दुसऱ्या फळीपर्यंत आलं होतं.
चमचे तिसरीवर असतात."

त्यानंतर विचारलं नाही.
फक्त एकदा, मरळ चिरताना,
जबड्यातली फाट अंगठ्यानं चाचपून म्हणाली,
"हा चमच्यानं जेवत होता वाटतं."
आणि तिखट जरा जास्तच टाकलं.

पोरगं हसतंय. "काका, एकदा टाकू द्या की.
दोन बेडूक ठेवा तुमच्याकडं."
मी देत नाही. आणि देतोही.
त्याचा हात लांबचा आहे,
चमचा बंधाऱ्याच्या दिशेनं जातो,
पडतो, बुडतो, फिरत येतो.
काही नाही.
पुन्हा काही नाही.
तिसऱ्यांदा जलपर्णीत अडकतो, आणि माझा श्वासही,
मग सुटतो, हिरवी मुळं घेऊन येतो.

त्याला सांगितलेलं नाही अजून,
आज पहाटे डबा भरताना
फडक्यात दोन चमचे निघाले.
दुसरा अख्खा, दांड्यासकट,
घासून पुसून ठेवलेला.
ती झोपली होती, किंवा तशी पडली होती.

वर्कशॉपातनं निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली.
मी पोराला विचारतो,
तुझ्या त्या कंपनीत
ड्रिल मशीन असेल का रे, बारीक बिटाचं?