चाचणी दाब

उद्यमनगरात सदतीस वर्षं लेथवर.
केसभर जास्त कापलं गेलं
तर आधी हाताला कळायचं, डोळ्याला नंतर.
पंपाचं कास्टिंग टेस्टिंगला लावलं
की वॉल्व्ह बंद करून काटा बघत बसायचं.
भिंत पातळ असेल तिथंच पाणी घाम धरतं,
हे पोरांना मीच शिकवलं.

आता राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर
शिरगुप्पे डॉक्टरीणबाई मला शिकवतात:
डोळ्यात पाणी रोज तयार होतं, भूपालराव,
आणि रोज निघून जातं.
तुमची जाळी तुंबलीय.
उजव्यात चौतीस, डाव्यात एकोणतीस.
टॉलरन्स किती, मी विचारलं.
एकवीसच्या आत बरं. तेही प्रत्येकाचं वेगळं.

मग दुखलं कसं नाही?
राधानगरी भरली की दरवाजे आपोआप उघडतात,
इकडं गावभर फोन वाजतात.
ह्या धरणाला दरवाजाच नाही.
दाब गुपचूप मागं सरकतो, बुडाशी,
जिथं दहा-बारा लाख तारा
एका चाळणीतून मेंदूकडं निघतात.
तिथं भिंत पातळ.
चाळण वाकते, तारा पिचतात.
मधल्या शेवटी. म्हणून तर
मी परवापर्यंत पेपर वाचत होतो.

अर्ध्या गोल भांड्यात हनुवटी टेकवून बसवलं.
ठिपका चमकला की बटण दाबायचं.
मधे बराच वेळ काहीच चमकलं नाही.
लाईट गेली काय हो, मी म्हणालो.
बाई म्हणाल्या, ठिपके येत होते.

मला वाटायचं, न दिसणं काळं असेल.
ते भिंतीच्या रंगाचं असतं.
बिंदू चौकात डावीकडनं सायकलवाला आला
तेव्हा तो रस्त्याच्या रंगाचा होता.
त्याला काय काय बोललो मी.
आणि रत्नप्रभेला, तीनदा:
कप असा कडेला ठेवतात होय?

गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखायचं.
रात्री नऊला एकेक थेंब, जन्मभर.

ती चष्मा लावून माझ्यावर वाकते.
माझं कपाळ तिच्या तळव्यात,
वर पत्र्याला टांगलेला पंखा,
त्याची तिन्ही पाती मी मोजून घेतो.
पहिला थेंब गालावर.
केसभर नाही, मी म्हणतो, चांगलं दोन सूत हुकलं.
गप वर बघा, ती म्हणते.