कारण: हाताळणी

सोहारच्या मागे, फलजच्या औद्योगिक पट्ट्यात
उन्हाळा माझं अर्धं काम फुकट करतो.
अठ्ठेचाळीस अंशांची भट्टी विकत घ्यावी लागत नाही.
मी फक्त बाटल्या ठेवते:
एक पत्र्याच्या गोदामात, एक क्रेनच्या केबिनमध्ये,
एक बसच्या काचेखाली, अशा इकडेतिकडे,
आणि सात नंबरची खोली चौदामध्ये,
आठ माणसांच्या डब्या-कंगव्यांमधल्या फळीवर.

प्रत्येकीत तीस गोळ्या आणि शर्टाच्या बटणाएवढं यंत्र,
दर पाच मिनिटांनी तापमान टिपणारं.
प्रश्न साधा आहे.
जिथे फ्रिज नाही, वीज आली तर आली,
डॉक्टर फक्त बुधवारी, तोही होडीनं,
तिथे एचआयव्हीची ही स्वस्त गोळी
किती दिवस गोळी राहते?

ज्यांना उत्तर हवंय ती गावं नकाशावर दूर आहेत.
इथल्या कामगारांत या रोगाचा माणूस नसतोच.
रक्त तपासतात; सापडला, तर तिकीट एकाच बाजूचं.
म्हणून कॅम्पचा वर्गीस निर्धास्त म्हणाला,
"ठेवा मॅडम, इथे कोण घेणार?"

महिन्यानं सात नंबर परत आली.
आत तीन गोळ्या.

आधी राग आला. मग आलेख उघडला.
पहिले तीन दिवस एसीची संथ रेघ, चोवीसवर.
तेवढे दिवस तो नुसता बघत असावा.
मग रोज रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी
एक टेंगूळ. दोन अंशांचं, कधी अडीच.
यंत्राला माणूस दिसत नाही.
त्याला तळहात कळतो.

गोळी काढायला दहा सेकंद पुरे.
हा दहा-दहा मिनिटं बाटली धरून बसायचा.

लेबलवर फक्त आकडा.
पण ती लांबट पांढरी गोळी ज्यानं वर्षानुवर्षं गिळलीय
त्याला नाव कशाला वाचावं लागतं?

विचारलं असतं तर कळलं असतं, कोण.
कळलं असतं तर लिहावं लागलं असतं.

माझे वडील जतला रेशनचं दुकान चालवत.
वहीत एक रकाना होता: घट.
उंदीर, ओल, वाळणं.
आपल्या दुकानात उंदीर फार, आई म्हणायची,
आणि सगळे एकाच आळीतले.

सात नंबर मी पुन्हा ठेवली.
या वेळी फ्रिजमधल्या गोळ्या, ऊन न शिवलेल्या.
माझ्या रकान्यात लिहिलं:
नमुना वगळला. कारण: हाताळणी.
यात एक अक्षर खोटं नाही.

मग दर महिन्याला नवी बाटली. नऊ-दहा. नऊ-दहा.
रमजानात वेळ साडेदहावर सरकली,
म्हणजे तो…
नको. तो विचार मी तिथेच सोडला.
जूनमध्ये एका रात्री टेंगूळ दोनदा आलं,
नऊ-दहाला, आणि पुन्हा पहाटे तीनला.
हिशेबात गोळी मात्र एकच.

सप्टेंबरात शेवटचे खजूर उतरत होते तेव्हा
दोन बस भरून कॅम्प मेडिकलला गेला. व्हिसाचं नूतनीकरण.
त्या महिन्याची रेघ अठरा तारखेपर्यंत टेंगळांची,
पुढे इस्त्री फिरवल्यासारखी.

अहवाल लिहून होत आलाय.
सहा महिन्यांच्या उन्हानंतरही
गोळीत अठ्ठ्याण्णव टक्के औषध शाबूत.
तक्ता तीनच्या खाली, बारीक अक्षरात, सात नंबर.
गोळी टिकते. एवढं मी सिद्ध केलं.

ऑक्टोबरची बाटली टेबलावर आहे.
नऊ-पाचला चोवीस. नऊ-दहाला चोवीस.
नऊ-पंधराला चोवीस.
ओतून मोजल्या. तीस.
पुन्हा मोजल्या, एकेक बोटानं सरकवत,
वडील रात्री गल्ल्यातली नाणी मोजत तशा.
तीस.
घट: शून्य.