सावदा, सावदे, सवडा

फैजपूरच्या स्टँडमागं माझं दुकान.
पाटीवर लिहिलंय: सातबारा, पीक विमा, झेरॉक्स, पॅनकार्ड.
संध्याकाळी सर्व्हर बसला
की लोक सिनेमे शोधायला येतात,
हे पाटीवर नाही.

नाव कुणालाच माहीत नसतं.
"त्यात एक आंधळा घोडा आहे," रमजानचाचा तडवी म्हणतात,
"यावलला तंबूत पाहिला होता, मध्येच रीळ जळालं.
पुढं काय झालं तेवढं बघायचंय."
निंबा मास्तरांना एका मालिकेचा चौदावा भाग हवा.
तेरावा आहे, पंधरावा आहे.
चौदाव्याच्या रात्री गावात लाइट नव्हती
आणि नेटवरही, का कोण जाणे, तो नाहीच.

'पूर्ण चित्रपट' लिहिलेलं असतं तिथं
नऊ मिनिटं निघतात,
त्यातली दोन घंटी दाबा म्हणण्यात जातात.
हिरव्या बटणावर बोट ठेवू नका, मी सांगते.
इच्छाराम ठेवतोच,
मग तीन दिवस त्याच्या फोनवर रमीची बाई नाचते.

पौषात द्वारकामावशी आली,
चप्पल बाहेर काढून, बँकेत आल्यासारखी.
"मी एका सिनेमात हाय," म्हणाली.
सावदा स्टेशनावर केळीच्या वॅगनी भरताना
दिल्लीची माणसं आली होती, कॅमेरा घेऊन.
कोणत्या साली?
"मधला पोटात व्हता माह्या."
मधला आता बेचाळीसचा. मी वजाबाकी केली.

शोधलं.
सावदा लिहिलं, सावदे लिहिलं, सवडा लिहिलं,
इंग्रजीत कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी एक ए जास्त.
केळी टाकलं तर वेफर तळणारे आले.
रेल्वे टाकलं तर इंजिनांचे नंबर पाठ असलेली पोरं.
खानदेश टाकलं तर भरीत,
मग भरीत, त्याखाली पुन्हा भरीत.
मावशीनं एक भरीत शेवटपर्यंत पाहिलं.
"तेल लई घातलं," एवढंच म्हणाली.

होळीच्या आदल्या दिवशी सापडला.
नाव भलतंच: फळांची वाहतूक, भाग दुसरा.
आधी पाहणारे एकवीस.

अकरा मिनिटं, काळीपांढरी,
मधूनमधून उभ्या रेघा.
एक साहेबी आवाज हिंदीत टन मोजत होता.
वॅगनीत केळीच्या पानांचा थर,
आणि डोक्यावर घड घेतलेल्या बायकांची रांग.
मावशी काचेवर बोट टेकवत गेली:
ही गोदावरी. ही हसीना.
ही गेली, त्याच साली, बाळंतपणात.
हिनं माहे आठ आणे बुडवले.
स्वतः ती नव्हती.

परत लावला. नव्हती.
तिसऱ्यांदा मी पंखा बंद केला, आवाज वाढवला.
आठव्या मिनिटाला
वॅगनीच्या आतून, नुसत्या काळोखातून,
कुणीतरी ओरडलं:
"हळू ठेव ना व माय, लेकरू हाय ते!"

बाहेर रावेरची बस लागली, निघून गेली.
मावशी पदराला हात पुसत राहिली, ओले नसलेले.
"मी आत व्हती," म्हणाली.
"घड रचायले मले आत ठेवत.
आत उजेड नाही पुरत म्हने, त्यायच्या मशीनले."

किती झाले, विचारलं.
दहा म्हटलं, झेरॉक्ससारखे.
तिनं वीस ठेवले.
"मधल्याच्या मोबाइलवर टाक.
सारं नको, त्याले टाइम नाही.
आठवं मिनिट तेवढं."

चौदावा भाग अजून मिळालेला नाही.
रमजानचाचांचा घोडा परवा सापडला.
आंधळा नव्हता.
मी त्यांना अजून सांगितलं नाही.