उभी नदी

सावद्यात तेव्हा केळीचा भाव रेडिओ सांगायचा
आणि बाकी सगळं माझा बाप.
गच्चीवर बारा फुटांची जाळीची छत्री,
तिच्या बुडाशी चौदा नंबरचा पाना घेऊन
वासुदेव वारके, केबलवाले,
बोटभर पूर्वेला, केसभर पश्चिमेला.
मी खाली टीव्हीसमोर. ओरडणं हेच माझं काम:
"मुंग्या! मुंग्या! सावली आली! गेली!"
वरून प्रश्न, "दिसलं का व माय?"
मधे जिन्यात कलिंदर तडवी,
माझा शब्द वर आणि बापाचा खाली पोचवायला.
म्हणजे आमच्या घरात प्रक्षेपण
आधी माणसांचंच होतं.

त्या रात्री शोधत होतो मद्रासचं एक चॅनेल,
स्टेशनमास्तर मुदलियारांनी हट्टाने मागितलेलं.
पाना सटकला.
छत्री आपणहून कलली
आणि मुंग्यांमधून एक बाई वर आली.
राखाडी कोट, कानात मोती.
बातम्या वाचत असावी, कारण हसत नव्हती.
तिची भाषा प्रत्येक शब्दाच्या
पहिल्याच पायरीवर पाय आपटायची
आणि मग उरलेला जिना घसरत उतरायची.
खालच्या पट्टीत ओच्या डोक्यावर दोन तिरप्या काड्या,
काट्यावरचा कारकून मोजलेल्या घडांवर मारतो तशा.

कलिंदर म्हणाला, रशिया.
बाप म्हणाला, "गप. रशियाचे अक्षरं उलटे असतात."
मी तिकिटांची वही आणली.
भुसावळला रुपयाला दहा मिळायची,
त्यात एक मासा, एक इंजिन, एक मिशीवाला घोडेस्वार,
तिघांच्याही पायाशी एकच नाव.
तेच बाईच्या मागच्या पाटीवर.
"मग्यार," मी मोठ्याने वाचलं.
चुकीचंच. मॉद्यॉर म्हणतात,
हे कळायला पुढे एकवीस वर्षं लागली.
शाळेच्या नकाशात तो देश
माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकला जायचा.

अकरा रात्री.
जेवणं आटोपून गल्ली आमच्या ओट्यावर.
कुणाला काही कळायचं नाही, ही केवढी सोय!
त्या बातम्यांत कुणाचा जावई नव्हता,
कुणाचं मत मागायचं नव्हतं.
झिपरूबाबा तरी पटल्यासारखी मान हलवायचे
आणि एका म्हाताऱ्याच्या मुलाखतीला
त्यांनी डोळे पुसले. का, ते सांगितलं नाही.
हवामानाचा नकाशा आला की बाप पुढे सरकायचा.
"ह्यायची नदी पाह्य," म्हणायचा,
"उभी वाह्यते. आपली तापी आडवी."
त्यानंतर बराच वेळ काही बोलायचा नाही.

बाराव्या रात्री मुंग्या.
पाना, पूर्व, पश्चिम, माझा घसा, कलिंदरचे गुडघे.
मुंग्याच.
पहाटे मुदलियारांचं मद्रास मात्र चकचकीत लागलं.
त्यांनी डबाभर मुरुक्कू धाडलं.
बापाने चाखलं नाही.

पुढे पेट्या आल्या, कंपनी आली,
बापाने तारा किलोवर विकल्या.
छत्रीची जाळी आता
कलिंदरच्या कोंबड्यांवर आहे.

परवा कुठेतरी वाचलं:
त्या देशात सोमवारी टीव्हीच नसायचा.
वर्षानुवर्षं, आठवड्यातून एक दिवस
सरकारी पडदा काळा.
एकोणनव्वदला सोमवारही भरला.
मग त्यांनी एक चॅनेल आभाळात सोडलं,
सरहद्दी सरकल्या तेव्हा पलीकडे राहून गेलेल्या
आपल्या भाषेच्या माणसांसाठी.
तीच असेल ती बाई. नसेलही.
शोधत होती आपली माणसं
आणि सापडलो आम्ही.

बापाला फोन लावला. सगळं सांगितलं.
"मंग सोमवारी काय करत ते लोक?"
मला माहीत नव्हतं.
तिकडे त्याचा टीव्ही चालू होता, पेटीवाला,
आठशे चॅनेलांपैकी कुठलं तरी भांडण.
त्याने आवाज बारीक केला.
"आन् नदीचं," म्हणाला,
"नदीचं काही लिव्हेल हाये का त्यात?"